फोंड्याचे वंशावळवाले : गोकाकच्या गिरणीत गेलेल्या आजोबांचा शोध

गोव्यातल्या फोंड्यात एक वडील आणि त्यांची मुलगी मिळून घराण्याचा इतिहास शोधून त्याचं पुस्तक करून द्यायचं काम करतात. बोर्ड नाही, दुकान नाही, घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल आणि फायलींनी भरलेली कपाटं, आमच्याकडे सगळे त्यांना फोंड्याचे वंशावळवाले एवढंच म्हणतात. आम्ही त्यांच्याकडून आमच्या आजोबांचं काम करून घेतलं, पुस्तक हातात आलं, घरातल्या सगळ्यांचं वाचून झालं, म्हणून आता लिहितेय. पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे गेला ते पुढे येईलच, पण आधीच सांगते, ज्यांच्या घरात "तो घाटावर गेला तो तिकडचाच झाला" असा एखादा माणूस आहे आणि त्याच्याबद्दल दोन वाक्यांपुढे कुणालाच काही सांगता येत नाही, त्यांनी हे काम करून घ्याच, आणि घरातली म्हातारी माणसं बोलती आहेत तोवर करून घ्या.

आमचे आजोबा म्हणजे बाबांचे वडील. गाव कुळे स्टेशनापासून चालत जायच्या अंतरावर, तेव्हाचा सांगे तालुका. घरी त्यांच्याबद्दल सांगितलं जायचं ते एवढंच की तरुणपणी बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या सूतगिरणीत गेले, बरीच वर्षं येऊन-जाऊन होते, घरी पैसे यायचे, मग एकदम सगळं बंद. पैसे बंद आणि माणूसही बंद. गावात लोक बोलायला मोकळेच असतात, तिकडे दुसरं घर केलं असं ठरून गेलं आणि ते आजीच्या तोंडावरही बोललं गेलं. आजीनं भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, भाटात आणि लोकांच्या शेतात राबून तीन मुलं वाढवली. बाबा त्यातले मोठे, आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांनी जन्मभर स्वतःच्या वडलांचं नाव फॉर्मवर लिहावं लागलं तेवढंच लिहिलं. आम्ही लहान असताना कुणी विचारलं की ते उठून बाहेर जायचे. मी हे काम द्यायचं ठरवलं तेव्हा ते हो म्हणाले नाहीत आणि नको पण म्हणाले नाहीत.

याआधी आमच्या एका चुलतभावाने एका ठिकाणी ऑनलाईन पैसे भरून वंशावळ मागवली होती. छान रंगीत पीडीएफ आली, त्यात आडनावावरून कूळ, गोत्र, देवक, राजघराण्याशी नातं, ढाल-तलवारीचं चित्र वगैरे सगळं, आणि आजोबांच्या नावापुढे जन्मसाल सुद्धा नव्हतं. त्या पीडीएफमध्ये आमच्या गावाचं नावही चुकीच्या तालुक्यात होतं. म्हणून फोंड्याला पहिल्यांदा गेले तेव्हा मी जरा सावध होते.

तिथे पहिल्या भेटीत काकांनी, म्हणजे त्या वडलांनी, एकही राजा काढला नाही. त्यांनी विचारलं, घरात पोर्तुगीज काळातला कुठला कागद आहे, कुणाच्या नावावर घर आहे, आजी कुठली, तिचं लग्न कुठल्या साली, बाबांच्या जन्माची नोंद कुठल्या ऑफिसात आहे. मुलगी बाजूला बसून सगळं लिहून घेत होती. आणि दर उत्तराला ती विचारायची, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आधी मला ते पोलीस चौकशीसारखं वाटलं, नंतर पुस्तक बघितल्यावर कळलं की त्यांच्या कामाचा सगळा जीव त्या प्रश्नात आहे. पुस्तकात प्रत्येक वाक्याच्या पुढे छोटी खूण असते, हे कागदावर आहे, हे कुणीतरी सांगितलेलं आहे, की हा आमचा अंदाज आहे. तीन खुणा, तिन्ही वेगळ्या, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. असं काम मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

गोव्यात एक गोष्ट आपल्या बाजूने आहे, इथे पोर्तुगीज अमदानीत १९१४ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सगळ्यांचीच व्हायला लागली. त्याआधी ख्रिश्चन लोकांची नोंद चर्चमध्ये असायची, हिंदूंची शोधायची तर देवस्थानच्या महाजनांच्या याद्या, जमिनीचे कागद, असं फिरावं लागतं. पोर्तुगीज पासपोर्टसाठी आजकाल कितीतरी लोक या जुन्या नोंदी काढतात, त्याचे एजंट गल्लोगल्ली आहेत, पण एजंटाला फक्त नाव आणि तारीख जुळली की झालं. काका अख्खं पान वाचतात. पोर्तुगीज हस्ताक्षर, त्यातली आखूड केलेली अक्षरं, समासातल्या मागून लिहिलेल्या ओळी, सगळं. बाबांच्या जन्माच्या नोंदीत वडील गिरणी कामगार आणि बाहेरगावी असल्याचं लिहिलंय, आणि नोंद द्यायला आजीचा भाऊ गेला होता, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तोच कागद आमच्या कपाटात कितीतरी वर्षं पडून होता, बाबांच्या पेन्शनच्या फाईलमध्ये.

दुसरा कागद निघाला तो पणजोबा वारल्यावर झालेल्या इन्व्हेंटरीचा. इथल्या कायद्यात माणूस गेला की त्याच्या मालमत्तेची आणि वारसांची यादी कोर्टात व्हायची, आणि ज्यांना वाटतं की आपल्याकडे मालमत्ताच नव्हती तर कसली इन्व्हेंटरी, त्यांनी सुद्धा एकदा बघून घ्यावं. आमच्याकडे दोन पोफळींच्या ओळी, अर्धं घर आणि थोडी भांडी होती, त्याचीही यादी आहे. त्यात आजोबांचं नाव, वय, आणि राहण्याची जागा म्हणून ब्रिटिश हद्दीतलं गोकाक. त्यांनी आपला वाटा बायकोच्या नावाने सांभाळायला सांगितल्याची ओळ आहे. पुस्तकात त्या पानाचा फोटो, खाली पोर्तुगीज मजकूर देवनागरीत, त्याखाली मराठी. बाबांनी ती ओळ वाचल्यावर पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी परत उघडलं नाही.

आता गोकाकचा भाग, पुस्तकातला सगळ्यात मोठा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला.

गोकाकची गिरणी म्हणजे गोकाक गावात नाही, गावापासून थोडी लांब, घटप्रभा नदीच्या धबधब्याच्या अगदी काठावर. धबधबा ५२ मीटरचा, घोड्याच्या नालेसारखा वळलेला, पावसाळ्यात तांबडं पाणी कोसळत असतं. वरचं पाणी पाईपातून खाली पाडायचं आणि त्या जोरावर गिरणी चालवायची या हिशोबानेच ती जागा निवडलेली, कंपनी १८८५ सालची. म्हणजे मुंबईसारखं शहर आणि शहरात गिरणी असा प्रकार तिथे नव्हताच. उघडा माळ, खडक, ज्वारीची शेतं, आणि मध्येच एक गिरणी आणि तिच्यासाठी वसलेली वस्ती. भोंग्यावर सगळं गाव उठणार, भोंग्यावर जेवणार. कामाला आजूबाजूच्या खेड्यातली कानडी माणसं, बेळगाव-कोल्हापूरकडची मराठी माणसं, आणि त्यात आमच्यासारख्या ठिकाणाहून गेलेला एखाद-दुसरा.

आमच्या गावातून माणूस तिथे पोचला कसा, याचं उत्तर गाडीत आहे. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतची रेल्वे १८८८ ला सुरू झाली, पुढे लोंढा, बेळगाव आणि मिरजेकडे जाणारी लाईन, तिच्यावरच गोकाक रोड स्टेशन. कुळ्याला गाडीत बसायचं, कस्टमवाल्यांना बोचकं उघडून दाखवायचं, ३७ फुटाला एक फूट असा तो घाटाचा चढ, दूधसागर, कॅसलरॉकला परत दुसऱ्या सरकारचे कस्टमवाले, लोंढ्याला गाडी बदलायची. मुलीने हा प्रवास तीन पानं लिहिलाय आणि एकही वाक्य जास्तीचं वाटत नाही, कारण आपल्या गावातल्या मुलाने पहिल्यांदा ज्वारीची भाकरी कुठे खाल्ली असेल इथपर्यंत तिने विचार केलाय आणि पुढे अंदाजाची खूण पण टाकलीय.

आजोबा तिथे लागले ते १९३३ च्या सुमाराला, वय वीस-एकवीस. तेव्हा १९२२ चा फॅक्टरी कायदा चालू होता, आठवड्याचे ६० तास, दिवसाला ११. पुढच्या वर्षीच्या कायद्याने ते ५४ आणि १० झाले, आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ४८. हे आकडे पुस्तकात कोरडे टाकलेले नाहीत, आजोबांच्या वयाच्या बाजूला ठेवलेत, म्हणजे वाचताना दिसतं की हा माणूस तिशी ओलांडेपर्यंत सूर्य बघायला फक्त सुट्टीच्या दिवशी मोकळा होता. काम कार्डिंग खात्यात. कापसाच्या गाठी फोडून ब्लो रूममध्ये कचरा झाडतात, मग कार्डिंगच्या मशीनवर तारांच्या दातांतून कापूस विंचरून त्याचा जाड पेळू होतो, तो पुढे ओढत, पीळ देत रिंगवर, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर, जातो आणि तिथे सूत. यातली सगळ्यात धुळीची खाती पहिली दोन. सुरुवातीला बदली कामगार, म्हणजे रोज दारात उभं राहायचं आणि जॉबरची, म्हणजे मुकादमाची, मर्जी असेल तर आत, मग कायम.

हे सगळं कळलं ते तिथल्या एका खानावळवाल्या घराकडून. वंशावळवाल्यांची खरी मेहनत इथे आहे. काका आणि मुलगी स्वतः गोकाकला गेले, गिरणीच्या वस्तीत जुन्या माणसांकडे बसले, बेळगावच्या बाजूला हेळवी लोक असतात जे पूर्वी बैलावरून फिरत आणि घराण्यांच्या वंशावळी सांगतात आणि त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्यांच्या वह्या असतात, त्यांच्याकडे पण विचारून आले. हेळव्यांकडे काही मिळालं नाही, कारण ते आपापल्या ठरलेल्या घराण्यांचीच नोंद ठेवतात, बाहेरून आलेला एकटा माणूस त्यांच्या वहीत कसा असणार. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी पण तपासल्या, आपल्याकडची माणसं तिथे गेली की वहीत नाव-गाव-भावंडं लिहून यायची आणि पूर्वजांचे हस्ताक्षर सुद्धा तिथे मिळतं, पण आमच्या घरातलं कुणी तिकडे गेल्याची नोंद नाही. ते ही त्यांनी लिहिलंय आणि त्या फेरीचे पैसे लावले नाहीत.

खानावळ चालवणाऱ्या बाई केव्हाच गेल्या, पण त्यांच्या सुनेने सासूच्या हिशोबाच्या वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. मोडीत लिहिलेल्या. काकांना मोडी येते. त्यात एक खातं "गोवेकर" नावाचं. जेवणाचे पैसे, धोब्याचे, एकदा छत्रीचे, आणि दर महिन्याला एक ओळ, घरी पाठवले, गाडीवाल्याच्या हाती. म्हणजे कॅसलरॉकपर्यंत जाणाऱ्या गाडीवर कामाला असलेला कुणीतरी माणूस ते पैसे कुळ्याला पोचवायचा. आणि दर वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी एक वेगळी ओळ, करदंट, गोव्याला. गोकाकचा करदंट म्हणजे गूळ, डिंक आणि सुक्या मेव्याची ती कडक वडी, खाल्ली असेल त्यांना माहीत असेल. बाबांनी पहिल्या मुलाखतीत अगदी सहज सांगितलं होतं की लहानपणी चवथीला पत्र्याच्या डब्यातून काहीतरी चिकट गोड यायचं, दाताला धरायचं, पुढे कधी खायला मिळालं नाही. त्यांना नाव माहीत नव्हतं. मुलीने ते लिहून ठेवलं होतं आणि वहीतली ओळ मिळाल्यावर दोन्ही समोरासमोर छापलंय.

दर महिन्याची ती ओळ जुलै १९५५ पर्यंत आहे. ऑगस्टपासून नाही.

इथे पुस्तकात एक तक्ता येतो, साधा दोन रकान्यांचा, डाव्या बाजूला घरी काय झालं, उजव्या बाजूला बाहेर काय झालं. उजवीकडे १५ ऑगस्ट १९५५, पत्रादेवीला आणि कॅसलरॉकला सत्याग्रही गोव्यात शिरले, पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसच्या वर माणसं गेली. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली, रेल्वे बंद, नाकेबंदी घट्ट. आम्ही सगळे हे शाळेत शिकलोय, १९६१ च्या मुक्तीची म्हणून १९ डिसेंबरला सुट्टी असते, भाषणं असतात, पत्रादेवीचं स्मारक आम्ही सहलीत बघितलंय. पण डाव्या रकान्यात त्याच महिन्यात आजीच्या घरी पैसे यायचे बंद झाले हे कधी कुणी बाजूला ठेवून बघितलं नव्हतं. कुळ्याची गाडी बंद झाली हे बाबांना चांगलं आठवतं, पोरं रुळावर खेळायला लागली होती. पैसे बंद झाले हे पण आठवतं. दहा वर्षांच्या मुलाला या दोन गोष्टी एकच आहेत हे कुणी सांगितलं नाही, आणि मोठ्यांनी तरी कुठे सांगायचं, त्यांनी दुसरंच कारण धरलं होतं.

आणि वहीत पुढे काय आहे, तर ऑगस्ट १९५५ पासून दर महिन्याला तीच रक्कम, "गोवेकर, घरचे, ठेव". म्हणजे पैसे बाजूला काढायचं थांबलेलं नाही. बाईंकडे ठेवत गेले, गाडी सुरू होईल म्हणून असेल. असं १९५९ च्या मार्चपर्यंत. त्या महिन्यात आजोबा वारले. शेवटी खर्चाच्या दोन ओळी आणि शिल्लक.

ट्रंकेत अजून एक कागद होता, अर्धा फाटलेला. १९५२ ला प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आला तेव्हा ज्या सहा धंद्यांना तो आधी लागू झाला त्यात कापड होतं, आणि त्यामुळे गिरणीतल्या माणसांनी आपला वारस कोण ते लिहून द्यायचं होतं. त्याची ही प्रत. वारसाच्या रकान्यात आजीचं नाव, नातं पत्नी, पत्ता आमचं गाव, स्टेशन कुळे, पोर्तुगीज हद्द. खाली आजोबांची सही, बाळबोध, जरा वाकडी. आमच्या घरात आजोबांचा फोटो नाही. ही सही आहे.

पुस्तक द्यायला दोघं घरी आले होते, ती त्यांची पद्धत आहे, कुरिअर करत नाहीत, समोर बसून वाचून दाखवतात. तक्त्याचं पान आलं तेव्हा बाबा मुलीला म्हणाले, बाय, हे परत वाच. तिने वाचलं. मग म्हणाले तारखा परत सांग. तिने सांगितल्या. मग त्यांनी विचारलं की १९५९ मध्ये महिना कुठला म्हणालीस, आणि बोटावर काहीतरी मोजत बसले, आम्ही कुणीच मध्ये बोललो नाही. काकांनी पाणी मागितलं तेव्हा कुठे मी उठले. त्या वर्षीच्या पितृपक्षात बाबांनी स्वतः भटजींना बोलावून आजोबांचा म्हाळ घातला, तिथी वहीवरून काढून. आजी असेपर्यंत तिनेच एक पान बाजूला वाढायचं चालू ठेवलं होतं, बाबांनी कधी केलं नव्हतं.

त्या दुसऱ्या घराच्या गोष्टीबद्दल पण लिहिते, कारण असं काही निघालं तर ही माणसं काय करतात हा प्रश्न कुणालाही पडेल. त्यांनी ते लपवलं नाही आणि पुसलंही नाही. गावात असं बोललं जायचं, हे ऐकीवच्या खुणेने छापलंय, आणि खाली तीन ओळी, खानावळवाल्या घराच्या आठवणीप्रमाणे आजोबा शेवटपर्यंत कामगारांच्या एका खोलीत इतर पुरुषांबरोबर राहिले, वहीत दुसऱ्या घरखर्चाची ओळ नाही, वारस म्हणून पत्नीचं एकच नाव आहे. बस एवढंच, वकिली नाही. छापायच्या आधी मुलीने फोन करून विचारलं होतं की तुमच्या बाबांना हा भाग चालेल का, नको असेल तर मी गाळते पण मग खुणा सगळ्या खऱ्या आहेत असं मला शेवटच्या पानावर लिहिता येणार नाही. बाबा म्हणाले असू दे.

मृत्यूचं कारण घरी कुणालाच माहीत नव्हतं. खानावळीच्या सुनेला सासूने सांगितलेलं एवढंच आठवत होतं की गोवेकरांना सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरून यायची, आठवड्याच्या शेवटी बरं वाटायचं, पुढे पुढे रोजच धाप. मुलीने एका छातीच्या डॉक्टरांना विचारलं. कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग असतो, बिसिनोसिस, त्यात सुरुवातीला अगदी असंच होतं, सुट्टीनंतर पहिल्या पाळीला जास्त त्रास, आणि तो ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये सगळ्यात जास्त. पुस्तकात हे अंदाजाच्या खुणेने आहे. आम्हाला तो अंदाज पटला. बावीस-पंचवीस वर्षं ती धूळ.

आता तक्रारी, कारण त्या पण आहेत.

एक तर वेळ. सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट लागला. अर्धा गुण त्यामुळेच गेला. ऑफिसातून कागद मिळायला उशीर होतो हे मान्य, पण मध्ये बरेच दिवस काहीच कळवत नाहीत, फोन करावा तर काका उचलत नाहीत, व्हॉट्सअपवर मुलगी रात्री उशिरा उत्तर देते. घरात ऐंशी वर्षांचा माणूस वाट बघत असेल तर महिन्याला एक ओळ तरी कळवावी. मी त्यांना तोंडावर हे सांगितलंय आणि त्यांनी ऐकून घेतलं.

दुसरं, फोटोंची छपाई. कागद जाड आहे, बांधणी मजबूत आहे, पण मोडी वहीची पानं काळपट आलीत, त्या मेहनतीला ते शोभत नाही. मागितल्यावर त्यांनी सगळ्या फोटोंची पेनड्राईव्ह दिली, त्यात स्वच्छ दिसतंय, पण ती मागावी लागली, सगळ्यांना आपणहून द्यायला पाहिजे.

तिसरं, पुस्तकातला दुसरा धडा. गोव्याचा सगळा इतिहास कदंबांपासून मुक्तीपर्यंत अकरा पानांत, ते प्रत्येक पुस्तकात तसंच टाकत असावेत असं वाटतं. आमच्या गावाशी, त्या गाडीशी आणि गिरणीशी त्याचा संबंध फार थोडा. ती अकरा पानं काढून तिथे खानावळीच्या सुनेची पूर्ण मुलाखत घातली असती तर किती बरं झालं असतं, ती फक्त तुकड्या-तुकड्यात आलीय. आणि नकाशा हाताने काढलेला छान आहे पण त्यावर अंतरं नाहीत, गोकाक रोड ते धबधबा किती हे नवीन वाचणाऱ्याला कळत नाही.

बंगळूरला वाढलेली आमची भाचरं मराठी अडखळत वाचतात, त्यांच्यासाठी इंग्लिशमध्ये सारांश मिळेल का विचारलं, तर सध्या करत नाहीत म्हणाले. ते चालेल, आम्ही वाचून दाखवतो.

खर्च अठरा हजारांच्या आसपास आला, गोकाकचा प्रवास आणि राहणं वेगळं, ते आधीच लिहून दिलं होतं आणि त्याच्या वर एक रुपया लागला नाही. अर्धे आधी, अर्धे पुस्तक दिल्यावर. काही मिळालं नाही तर फक्त ऑफिस फी आणि प्रवास घेतात, हे त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं, सही करायच्या आधी वाचा. चुलतभावाच्या त्या रंगीत पीडीएफच्या मानाने महाग वाटेल, पण ते आणि हे एका मापाने मोजायचंच नाही.

जाणार असाल तर जाताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या, कागदांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. जुने कागद लॅमिनेट करून नेऊ नका, काका ओरडतात, मागची बाजू वाचता येत नाही म्हणून, आणि मागच्या बाजूलाच पुष्कळदा शिक्का आणि पुढच्या नोंदीचा नंबर असतो. पोर्तुगीज येत नाही म्हणून घाबरू नका. ज्यांचा माणूस मुंबईच्या गिरण्यांत गेला असेल त्यांचं काम ते घेतात पण मुंबईत स्वतः जात नाहीत, तिकडे त्यांचा ओळखीचा एक माणूस आहे, तो कसा आहे ते मला सांगता येणार नाही. खाणीवर, बोटीवर गेलेल्यांची कामं पण त्यांच्याकडे चालू असलेली बघितली. रविवारी बंद, चवथीच्या आधीचे पंधरा दिवस आणि शिगम्यात (गोव्याची होळी) नवीन काम घेत नाहीत.

आईच्या माहेरचं काम आता दिलंय, ते सत्तरी तालुक्यातलं आहे. बाबांनी स्वतः सांगितलं द्यायला, आणि आगाऊ पैसे पण त्यांनीच भरलेत.